हक्क, वतन आणि बेवतनांचे वाङ्मय

'ह्यूमन राइट्स' ह्या इंग्रजी संज्ञेस हिंदीने 'मानवाधिकार' हा प्रतिशब्द दिला. मराठीने 'मानवी हक्क' हा पत्करला. दोन्ही शब्द राज्यव्यवहारात आता इतके रुळले आहेत की, त्यांच्या निवडीत काही विचार दडलेला असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. तथापि एका भाषेतला विचार दुसरीत नेण्याचे काम ज्यास करावे लागते त्यास अशा जागी थांबावेच लागते. 'अधिकार' हा शब्द संस्कृत परंपरेत पात्रतेचा वाचक आहे. अमुक कर्म करण्यास अधिकारी कोण आणि अनधिकारी कोण, ह्याची चर्चा पूर्वमीमांसेने विस्ताराने केली आहे, व तीत कित्येकांस जन्मावरूनच दाराबाहेर ठेवले आहे. जो शब्द शतकानुशतके माणसे वगळण्यासाठी वापरला गेला, तोच आता सर्वांस सामावून घेण्यासाठी योजावा, ह्यातील विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

'हक्क' ह्या शब्दाचा इतिहास निराळा आहे. तो अरबी-फारसीच्या वाटेने मराठी दप्तरांत आला, आणि तेथे तो एकटा असा फारसा वावरलाच नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख ह्यांचा जो हक्क-लाजिमा, तो त्यांच्या वतनास बांधलेला असे. वतन आहे म्हणून हक्क. वतन गेले की हक्कही गेला. गावातील जमिनीवर ज्याची मिरास असे तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. उपऱ्याने नांगर धरावा, सारा भरावा. परंतु गावाशी त्याचे नाते मिरासदाराच्या नात्यासारखे कायमचे होत नसे. आता ह्याच 'वतन' शब्दाचा उर्दूतील अर्थ पाहावा. तेथे वतन म्हणजे मायदेश, आणि ज्यास मायदेश नाही तो बेवतन. मराठीने ह्या शब्दाचा जमीनजुमल्याचा अर्थ उचलला, उर्दूने जिव्हाळ्याचा. दोन्ही अर्थ एकत्र ठेवले म्हणजे विसाव्या शतकातील एका दारुण प्रश्नाचे सूत्रच हाती येते : ज्यास वतन नाही त्यास हक्क असू शकतो काय?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जो जाहीरनामा संमत केला त्याचे उत्तर 'होय' असे आहे. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरुद्ध एकानेही दिले नाही, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. ह्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'पुरुष' असाही अर्थ देणारा इंग्रजी शब्द जाऊन त्या जागी 'मानव' ह्या अर्थाचे शब्द आले ते हंसा मेहता ह्यांच्या आग्रहामुळे, ही गोष्ट आता पुष्कळांस ठाऊक आहे. मेहताबाईंनी शेक्सपिअरची नाटके गुजरातीत आणली होती, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. एका शब्दाने अर्धी मानवजात बाहेर राहू शकते हे ज्या बाईंच्या ध्यानात आले, त्या अनुवादकर्त्या होत्या ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे दुसरे काम ह्याहून महत्त्वाचे होते आणि ते अयशस्वी ठरले. १९४७ च्या डिसेंबरात जिनीव्हा येथे मानवी हक्क आयोगाने जाहीरनाम्याच्या अंमलबजावणीचा विचार करण्यासाठी जो गट नेमला त्याच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. ह्या हक्कांसाठी एखादे आंतरराष्ट्रीय न्यायालय असावे काय, हा प्रश्न त्या गटापुढे होता. शब्द राहिले, न्यायालय त्या वेळी झाले नाही.

जाहीरनाम्याची भाषा अनुवादकाच्या दृष्टीने वाचली तर त्यातील उणीव व्याकरणातच दिसू लागते. 'प्रत्येकास अमुक हक्क आहे' ह्या वाक्यात 'आहे' ह्या क्रियापदाचा कर्ता 'हक्क' हाच होय. 'प्रत्येकास' म्हणजे ज्याच्याकडे तो आहे तो. देणारा कोणी नाही, राखणारा कोणी नाही, आणि न दिल्यास ज्यास जाब विचारावा असाही कोणी त्या वाक्यात उभा नाही. चौदाव्या कलमाची कथा ह्या बाबतीत फार बोलकी आहे. छळापासून बचावासाठी परदेशात आश्रय शोधण्याचा व तो 'दिला जाण्याचा' हक्क प्रत्येकास आहे, असा मूळ मसुद्यातील आशय होता. ब्रिटनच्या दुरुस्तीने 'दिला जाण्याचा' हे शब्द गेले आणि 'उपभोगण्याचा' हा शब्द आला. म्हणजे आश्रय शोधावा. मिळालाच तर सुखाने उपभोगावा. दार ठोठावण्याचा हक्क मान्य झाला, दार उघडण्याचे कर्तव्य कोणावरही राहिले नाही. तेराव्या कलमानेही कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क सांगितला आहे. दुसऱ्या कोणत्या देशात पाऊल ठेवण्याचा नाही. सोडलेला देश आणि न मिळालेला देश ह्यांच्यामध्ये जी जागा उरते तिचे वर्णन कायद्यास करता आले नाही. ते विसाव्या शतकातील कथावाङ्मयाने केले.

ह्या वाङ्मयाविषयी भारतीय भाषांतून जे लिहिले जाते त्यात एक ठराविक स्तुती वारंवार आढळते. अशी कलाकृती 'देशकालाच्या सीमा ओलांडते', तीत 'विशुद्ध मानवाचे दर्शन' घडते, ती 'मानवतावादी' असते. मराठी समीक्षकाच्या हाताशी तर पसायदान असतेच, आणि विश्वकुटुंबाचा विषय निघाला की ते उद्धृत करण्याचा मोह आवरणे कठीण. परंतु पसायदान हे मागणे आहे. ते ज्याच्यापाशी मागावयाचे तो विश्वात्मक देव आहे, आणि त्याच्यावर कोणी फिर्याद करीत नाही. हक्काची जात निराळी : त्यास प्रतिवादी लागतो. बेवतनांच्या वाङ्मयास 'मानवतावादी' म्हणून गौरविणारी समीक्षा नकळत जाहीरनाम्याच्याच वाटेने जाते. ती पात्राचे गाव, कागद, तारखा आणि कचेऱ्या पुसून त्याचा 'मानव' करते, आणि त्या कलाकृतीत जो कोणी उत्तरदायी म्हणून दाखविलेला असतो त्यास निसटू देते. ह्या कृती काळजीपूर्वक वाचल्या तर 'केवळ मानव' असणे ही त्यांतील पात्रांच्या दृष्टीने उन्नत अवस्था नाही. ती त्यांच्यावर कोसळलेली आपत्ती आहे.

बी. ट्रॅव्हन ह्या नावाने लिहिणाऱ्या लेखकाची जर्मन कादंबरी 'मृत्युनौका' १९२६ साली प्रसिद्ध झाली. (हा लेखक कोण, कोठला, ह्याविषयीचे वाद त्याच्या मृत्यूनंतरही पुरते मिटले नाहीत. कागदपत्रांविषयी इतक्या कडवटपणे लिहिणाऱ्याने स्वतःचे कागद असे अस्ताव्यस्त ठेवावेत हे योग्यच म्हणावयाचे.) गेरार्ड गेल्स हा अमेरिकन खलाशी अँटवर्प बंदरात रात्र काढून परततो तो त्याचे जहाज निघून गेलेले असते, आणि जहाजाबरोबर त्याचे खलाशीपत्रही गेलेले असते. येथून त्याची जी परवड सुरू होते तीत क्रौर्य असे जवळजवळ नाहीच. बेल्जियमचे पोलीस त्यास रात्री सीमेवर नेतात आणि हळूच पलीकडे हॉलंडमध्ये ढकलतात. हॉलंडला तो नको असतो. पोलीस त्यास भाकरी देतात, सिगारेट देतात, कधी थोडे पैसेही देतात. फक्त राहू देत नाहीत. अमेरिकन वकिलाच्या कचेरीत तर प्रश्न त्याच्या जन्मापर्यंत जातो. समोर उभा असलेला मनुष्य जन्मला होता ह्यास पुरावा काय? वकील उद्धट नाही, त्यास खलाशाची कीवही येत असावी. पण त्याच्या टेबलावर ज्या शक्यता मांडलेल्या आहेत त्यांत 'जन्मलेला, परंतु नोंद नसलेला' असा रकाना नाही.

ट्रॅव्हनची प्रतिभा ह्या प्रसंगांच्या विनोदात आहे. एखाद्या कमी प्रतीच्या लेखकाने वकिलास दुष्ट केले असते, आणि मग वाचकाचा राग त्या एका इसमावर निघून गेला असता. येथे प्रत्येक अधिकारी आपल्या परीने भला आहे, आणि त्या सर्वांच्या भलेपणाची बेरीज एका माणसाच्या नाहीशा होण्यात होते. पुढे गेल्स 'योरिके' नावाच्या जहाजावर चढतो. विम्याच्या पैशासाठी बुडवावयाची ही जहाजे. त्यांवर कागद नसलेलेच खलाशी घेतात, कारण ते बुडाले तरी त्यांची चौकशी करणारा कोणी नसतो. तेथे त्यास स्टानिस्लाव्ह भेटतो. हा पोझेन प्रांताचा. महायुद्धानंतर तो प्रांत जर्मनीकडून पोलंडकडे गेला. आपण कोणत्या राष्ट्राचे हे ठराविक मुदतीत न सांगितल्याने स्टानिस्लाव्ह दोन्हीकडून सुटला. गेल्सचे कागद हरवले होते. ह्याचा देशच पायाखालून सरकला. दोघांची ही जोडी म्हणजे कादंबरीतील सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना होय. उत्तरार्धात भट्टीखान्याची वर्णने लांबतात आणि साहसकथेचा सूर चढतो, हा दोष मान्य केला पाहिजे. तरीही 'ज्याच्या मरणाची चौकशी करण्यास कोणी बांधलेला नाही तो' अशी हक्कहीनाची व्याख्या ह्या कादंबरीने केली, आणि ती तेव्हाच्या राज्यशास्त्रीय ग्रंथांपेक्षा अधिक स्पष्ट आहे.

आन्ना झेगर्स ह्यांची 'ट्रान्झिट' ही कादंबरी मेक्सिकोतील विजनवासात पुरी झाली व १९४४ मध्ये प्रथम इंग्रजी आणि स्पॅनिश अनुवादांतूनच वाचकांपुढे आली. मूळ जर्मन पुस्तक मागाहून निघाले. अनुवाद मूळ ग्रंथाच्या आधी जगात यावा हे त्या काळाचे लक्षण होते. कथा मार्सेय बंदरातील आहे. तेथे राहण्याचा परवाना हवा असेल तर आपण तेथून जाणार आहोत हे सिद्ध करावे लागते. जाण्यासाठी ज्या देशी पोचावयाचे त्याचा व्हिसा, मग वाटेतील देशांचे, मग फ्रान्स सोडण्याचा परवाना; आणि शेवटचा कागद हाती येईतो पहिल्याची मुदत संपते. एक वृद्ध संगीतसंचालक हे सारे चक्र फिरून फिरून अखेर कागद जुळत आले असता मरून पडतो. निवेदक स्वतः एका मृत लेखकाच्या नावावर वावरतो, कारण त्या लेखकाच्या नावे व्हिसा निघालेला आहे आणि जिवंत निवेदकाच्या नावे काहीच नाही. ट्रॅव्हनच्या मानाने ही कृती संथ आहे, तिची प्रेमकथाही काहीशी ओढूनताणून आणलेली वाटते. परंतु मृतास कागद आहेत म्हणून जिवंताने त्याचे नाव पांघरावे, ही कल्पना तिने शेवटपर्यंत निष्ठुरपणे पाळली आहे.

युरोपातील ह्या दोन कृतींनंतर मंटोच्या 'टोबा टेकसिंग' ह्या कथेकडे वळले असता प्रश्नाचे रूप पालटते, कारण येथे माणूस सीमा ओलांडीत नाही; सीमाच त्याच्यावरून जाते. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या कथेविषयी भारतात इतके लिहिले गेले आहे की तिचे कथानक सांगण्याचे प्रयोजन नाही. बहुतेक लेखनात मात्र बिशनसिंग हा फाळणीच्या वेडाचे प्रतीक, आणि नाव नसलेल्या जमिनीच्या तुकड्यावर पडलेला त्याचा देह हे राष्ट्रवादास दिलेले मानवतेचे उत्तर, असा अर्थ लाविला जातो. ह्या अर्थास कथेचा फारसा आधार नाही. बिशनसिंगास राष्ट्राच्या पलीकडे जावयाचे नाही. तो टोबा टेकसिंगचा जमीनदार आहे. मराठी अर्थाने त्याचे तेथे वतन आहे. त्याचा प्रश्न एखाद्या महसूल कारकुनास शोभेल इतका नेमका आहे : माझे गाव कोठे आहे? पहारेकरी, इतर वेडे, भेटीस आलेला गावचा जुना स्नेही आणि अखेरीस सीमेवरचा अधिकारी ह्यांपैकी कोणासही त्याचे समाधान होईल असे उत्तर देता येत नाही. दोन राज्यांनी मिळून वेड्यांची वाटणी केली, याद्या केल्या, सह्या केल्या. आणि ह्या सर्व व्यवस्थेत एका माणसाच्या एका साध्या प्रश्नास उत्तर देण्याची जबाबदारी कोणाकडेही नव्हती. तो मरतो ती जागा म्हणजे मुक्तीची भूमी नव्हे. जेथे कोणाचीच हुकमत चालत नाही, आणि म्हणून जेथे कोणाकडेच दाद मागता येत नाही, अशी ती जागा आहे.

हॅना आरेंट ह्यांनी १९५१ साली निरंकुश सत्तावादाच्या उगमाविषयीच्या आपल्या ग्रंथात हेच सिद्धान्तरूपाने मांडले. आरेंटबाई स्वतः १९३७ पासून १९५१ पर्यंत कोणत्याही राष्ट्राच्या नागरिक नव्हत्या. माणूस केवळ माणूस उरतो त्याच क्षणी त्याचे 'मानवी' हक्क निरर्थक होतात. त्यास आधी हवा असतो तो हक्क असण्याचा हक्क, म्हणजे त्याचे मत आणि कृती ज्यात मोजली जाते अशा एखाद्या समाजाचे घटकत्व, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. हक्क माणसाचे नसतात, इंग्रजाचे असतात, असे बर्कने फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी म्हटले होते. छावण्यांतील अनुभवाने बर्क उपरोधाने खरा ठरला असे त्या म्हणतात. मराठीत सांगावयाचे तर हक्क वतनाबरोबर आला आणि वतनाबरोबर गेला.

परंतु येथे भारतीय वाचकाने आरेंटपुढेही एक प्रश्न ठेवला पाहिजे. राष्ट्राचे घटकत्व मिळाले म्हणजे हक्क मिळतात, असे गृहीत धरण्यास त्याचा अनुभव आडवा येतो. १९४६ च्या जुलै महिन्यात डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉय ह्यांस पत्र लिहून, तेथील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. भारतातील अस्पृश्यांनीही तसेच करावे असा विचार त्यांच्या मनात होता. हे लोक बेवतन नव्हते. ते ज्या राष्ट्रात जन्मले त्याच राष्ट्राविरुद्ध त्यांस त्याच्या वरच्या कोणाकडे तरी दाद मागावयाची होती. पुढील वर्षी दुबॉय ह्यांच्या संपादनाखाली तयार झालेला दुसरा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे गेला. त्याच वर्षाच्या आरंभी मानवी हक्क आयोगाने ठरवून टाकले होते की, हक्कभंगाच्या कोणत्याही तक्रारीवर कार्यवाही करण्याचा आपणास अधिकार नाही. हक्कांचा आयोग, आणि त्यास अधिकार नाही : मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवले ह्याचे सार्थक येथे होते.

लक्ष्मण माने ह्यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव 'उपरा' असावे, हाही योगायोग मानता येत नाही. जुन्या दप्तरातला तो महसुली शब्द स्वतंत्र राष्ट्राच्या नागरिकाने स्वतःस लावून घेतला. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या कैकाड्याच्या पोरास शाळेच्या दाराशी जे अनुभव येतात ते गेल्सच्या अनुभवांहून अधिक हिंस्र आहेत, कारण येथे रात्री हळूच पलीकडे सोडण्याइतकीही सीमा जवळ नाही. ह्या पुस्तकास १९८१ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले तेव्हा 'माणुसकीचा आक्रोश' ह्या जातीच्या विशेषणांनी त्याचे स्वागत झाले. लेखकाने आक्रोशाबरोबर गावे, माणसे आणि व्यवहार नावानिशी सांगितले होते, त्याचे काय करावयाचे हे त्या विशेषणांस ठाऊक नव्हते.

उत्तर देणारा कोण, हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे विचारला तो घस्सान कनफानी ह्या पॅलेस्टिनी लेखकाने. मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला १० डिसेंबर १९४८ रोजी. पॅलेस्टिनी निर्वासितांस घरी परतू द्यावे असे सांगणारा १९४ क्रमांकाचा ठराव त्याच आमसभेने संमत केला तो दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला. ह्या दोन दिवसांच्या सावलीत वाढलेली माणसे कनफानीच्या 'उन्हातील माणसे' ह्या १९६३ च्या लघुकादंबरीत आहेत. वेगवेगळ्या वयांचे तीन पुरुष बसऱ्याहून कुवेतला चोरून जाण्यासाठी पाण्याच्या रिकाम्या टाकीत लपतात. चालक नाक्यावर उतरतो. कचेरीतील थंड हवेत बसलेले कारकून एका नर्तकीवरून त्याची थट्टा मांडतात, सही लांबते, आणि टाकीतील तिघे गुदमरून मरतात. त्यांनी टाकीच्या भिंती का ठोठावल्या नाहीत, हा चालकाचा आक्रोश शेवटी वाळवंटात घुमतो. अनेक समीक्षकांनी ह्यात पॅलेस्टिनी समाजाच्या निष्क्रियतेवरील टीका वाचली, आणि कनफानीचे राजकारण पाहता तो अर्थ चुकीचा नाही. परंतु १९७२ मध्ये तौफीक सालेह ह्यांनी ह्या कृतीवर जो चित्रपट काढला त्यात त्यांनी शेवट बदलला. तेथे माणसे ठोठावतात. कचेरीतील वातानुकूलन यंत्रांच्या घरघरीत ते कोणास ऐकू जात नाही. एका दिग्दर्शकाने मूळ कृतीवर केलेली ही समीक्षाच होय, आणि ती पुष्कळ लिखित समीक्षेहून मर्मग्राही आहे. कादंबरी विचारते, का ठोठावले नाही. चित्रपट विचारतो, कोणासाठी ठोठावावयाचे?

ऐकणारा कधीच निर्माण झाला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. युरोपीय राष्ट्रांनी १९५० साली जो करार केला त्याने नागरिकास आपल्याच राज्याविरुद्ध राज्याबाहेरच्या न्यायालयात जाण्याची वाट हळूहळू मोकळी झाली. शिवाय त्या कराराने हक्क दिले ते नागरिकांस नव्हेत, तर करारबद्ध राज्यांच्या हुकमतीखाली येणाऱ्या प्रत्येकास. आता हुकमत म्हणजे काय? २००९ च्या मे महिन्यात इटलीच्या जहाजांनी भूमध्य समुद्रात काही नौका अडविल्या आणि त्यांतील लोकांस आपल्या जहाजांवर घेऊन लिबियात नेऊन सोडले. त्यांपैकी ११ सोमाली व १३ एरिट्रियन अशा २४ जणांनी स्ट्रासबर्ग येथील न्यायालयात दाद मागितली. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, खुल्या समुद्रावरही ही माणसे इटलीच्या जहाजावर, म्हणजे इटलीच्या हुकमतीखाली होती. त्यांस लिबियाच्या हवाली करण्यात इटलीने त्यांच्या हक्कांचा भंग केला. रात्री गुपचूप सीमेपलीकडे ढकलण्याची जी रीत ट्रॅव्हनने वर्णिली, तिच्यावर कोणीतरी कर्त्याचे नाव लिहिले ते ८६ वर्षांनी. सत्ता जेथे जेथे हात घालते तेथे तेथे तिची जबाबदारीही पोचते, हे ह्या निर्णयामागील तत्त्व. ते राष्ट्र मोडीत काढीत नाही. कर्मणी प्रयोगात लपलेल्या कर्त्यास ओढून पुढे आणते.

राष्ट्रीय न्यायालयांनीही हे काम कधी कधी केले आहे. भारताच्या संविधानातील एकोणिसावे अनुच्छेद नागरिकांविषयी बोलते, चौदावे व एकविसावे 'व्यक्ती'विषयी. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, नागरिक असो वा नसो, प्रत्येकाच्या जीविताचे रक्षण करण्यास राज्य बांधलेले आहे असे सांगितले, ते ह्या एका शब्दाच्या बळावर. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, ही गोष्ट त्याचबरोबर नमूद केली पाहिजे.

ह्या सर्व धाग्यांची गाठ अलीकडच्या एका पुस्तकात पडते. बेहरूझ बूचानी हा इराणमधील कुर्द लेखक २०१३ साली होडीने ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. ऑस्ट्रेलियाने त्यास पापुआ न्यू गिनीतील मानुस बेटावर नेऊन कोंडले. कोंडणारे राज्य एक आणि कोंडण्याची भूमी दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था. कर्ता लपविण्याचा ह्याहून चतुर प्रयोग सापडणे कठीण. तेथे त्यास एक क्रमांक मिळाला. बूचानीने चोरून मिळविलेल्या दूरध्वनीवरून फारसीत तुकड्या-तुकड्यांनी लिहिले आणि ते व्हॉट्सॲपवरून बाहेर धाडले. ओमिद तौफिघियान ह्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. 'पर्वतांवाचून मित्र नाही' अशा अर्थाच्या कुर्दी म्हणीवरून नाव घेतलेले ते पुस्तक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. गद्य मध्येच पद्यात उतरते, आणि ह्या रचनेत अनुवादकाचा वाटा मोठा आहे. आठवणी, शोकगीत आणि तुरुंगाचे विश्लेषण ह्यांचा सांधा सर्वत्र जुळलेला नाही. सिद्धान्ताची परिभाषा काही ठिकाणी अनुभवाच्या आधी येऊन उभी राहते. परंतु जेवणाच्या रांगेची, बंद पडणाऱ्या विद्युत्जनित्राची, दूरध्वनीसाठी लावाव्या लागणाऱ्या रांगेची पाने अशी आहेत की, त्यांत छळ करणारा हात एकदाही दिसत नाही आणि तरीही तो कोणाचा ह्याविषयी संशय उरत नाही. येथे बूचानी ट्रॅव्हनचा वारस ठरतो, आणि एका बाबतीत त्याच्या पुढेही जातो. सहबंद्यांची खरी नावे न देता तो त्यांच्या स्वभावावरून त्यांस नावे ठेवतो. कचेरीने क्रमांक दिला, त्यास हे एका बंद्याने दिलेले उत्तर आहे. ज्यास सरकारी नोंदीत जागा नाही त्यासही एका लहानशा समाजात ओळख देता येते, एवढे ह्या नावांनी सिद्ध होते. त्या ओळखीने दार उघडत नाही हेही पुस्तक लपवीत नाही.

दार उघडण्याच्या बाबतीत झाले ते असे. २०१६ च्या एप्रिलमध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कोंडणूक त्या देशाच्या संविधानाविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. त्या संविधानाने व्यक्तीच्या स्वातंत्र्याची हमी दिलेली होती. परकीयांस कोंडता यावे म्हणून २०१४ मध्ये केलेली घटनादुरुस्तीही न्यायालयाने मानली नाही. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कृतीस अटकाव झाला तो एका लहान, गरीब राष्ट्राच्या राष्ट्रीय कायद्याने. छावणी अधिकृतपणे बंद झाली ती २०१७ च्या ऑक्टोबरअखेर. माणसे त्यानंतरही बेटावरच राहिली. ३१ जानेवारी २०१९ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे सर्वोच्च वाङ्मयीन पारितोषिक ह्या पुस्तकास मिळाले. ते ऑस्ट्रेलियाचे नागरिक वा कायम रहिवासी ह्यांच्यासाठी होते. बूचानीसाठी नियमास अपवाद करण्यात आला. पारितोषिक देणाऱ्या देशात पाय ठेवण्यास तो अपात्र होता, म्हणून त्याचे भाषण पडद्यावरून ऐकण्यात आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्राइस्टचर्च येथील एका साहित्योत्सवात बोलण्यासाठी न्यूझीलंडने त्यास एक महिन्याचा पाहुण्याचा व्हिसा दिला. महिना संपल्यावर तो परतला नाही. २०२० च्या जुलैमध्ये न्यूझीलंडने त्यास निर्वासित म्हणून मान्यता दिली.